नीळ

पाच कोंबड्या, आणि टोपल्यात अंडी चार.
कधी तीनच.
यांचं म्हणणं, झिपरी आता देत नाही,
महिना झाला, फुकट ज्वारी टिपते,
शनिवारी जावई येते, तिचाच रस्सा कर.

मी म्हटलं, थांबा. आधी कळू तर द्या.

ढवळीचं लांबट, कवडीचं तांबूस,
उघड्या मानेचीचं लिंबाएवढं,
हे मला अंधारात हात घालूनही कळते.
पण लालीचं आणि झिपरीचं एकाच साच्यातलं,
टोक तेच, वजन तेच,
बसायच्याही दोघी एकाच फुटक्या डालीत, एकीमागं एक.
सकाळी बोट लावून चाचपायचं सासूनं शिकवलं होतं,
पण झिपरी हाती लागेल तर ना!
उजाडायच्या आत तुऱ्हाटीच्या कुडाखालून पसार.

मग मंगळवारी रात्री, लाइट गेली तेव्हा,
मोबाइलच्या उजेडात दोघींना बगलेत धरलं
आणि शेपटीखाली, अंडं निघते तिथं,
लालीला कुंकू लावलं,
झिपरीला कपड्याची नीळ.
हे खाटेवरून बोलले,
हळदही लाव, नवरी कर तिची.

गुरुवारी लालीचं आलं, लाल रेघ ओढून.
निळं नाही.
कुटारात पाहिलं, बंडीखाली पाहिलं,
पऱ्हाटीच्या ढिगात हात घातला तर विंचू.
निळं नाही.

शुक्रवारी कुडापलीकडल्या पंचफुलाबाईची नात
विरजण मागायला आली.
खांद्याची हाडं फ्रॉकातून निघालेली,
ताप आत्ताच कुठं उतरलेला.
वाटी पुढं केली तर तिची बोटं निळी,
मतदान करून आल्यासारखी.
अंगणवाडीत रंगवलं का गं?
नाही. अंडं सोललं.
कोणी दिलं?
आजीनं. आमच्या गोवऱ्यांत रोज निघते.

मी विरजण दिलं.
वाटीभर.

संध्याकाळी हे दगडावर विळा घासत बसले,
काय झालं तुझ्या निळीचं?

मी आत गेली.
लालीचं ताजं अंडं पदरानं पुसलं,
कुंकवाचा डाग जाता जाईना, थुंकी लावली,
मग निळीची रेघ ओढली,
जराशी वाकडी, खरी असते तशी.
ह्यांनी बल्बासमोर धरून फिरवून पाहिलं.
देते म्हणजे, म्हणाले.
आणि लाली?
लालीचा आज खाडा. माणूस नाही का करत?

शनिवारी जावयाला कोंबडा कापला.
रविवारी घरातले सारे
साडेसातला उठलो.

हापशीवर पंचफुलाबाई माझ्या आधी लागलेली.
दांडा एकीनं सोडायचा, दुसरीनं धरायचा,
तेवढ्यात तिला माझी बोटं दिसली.
बराच वेळ नुसतं पाणी पडत राहिलं गुंडात.
मग म्हणाली,
नीळ घातली वाटते वो कपड्यायले?

हो न माय, म्हटलं.
लय पिवळे पडले होते.