सी-सहावरचं प्यादं

कोपरखैरणे. माथाडी वसाहतीतलं बैठं घर.
पोटमाळ्यावर माझ्या तीन दोनशेपानी वह्या,
ओपनिंगांनी भरलेल्या.
पांढरा हिरव्या शाईत, काळा निळ्या.
सतराव्या चालीपर्यंत सगळं पाठ,
पाढ्यांसारखं.

वाशीच्या स्पर्धेत समोरच्यानं सहावीलाच
वहीत नसलेली चाल केली.
वाईट चाल होती, एवढं कळलं.
वाईट का, ते नाही.
एकोणतीस चालींत हरले.

हसुराम तांडेल सर दिवाळे गावचे.
वह्या मागितल्या, उघडल्या नाहीत,
खुर्चीवर ठेवून त्यांच्यावर बसले.
मग पटावरून एकेक उचलत गेले:
वजीर, हत्ती, उंट, घोडे,
राजेसुद्धा.
उरली नुसती प्यादी,
सात इकडे, सात तिकडे,
मधली दोन कपाळाला कपाळ लावून.
"आता सांग, कुणाला कुठं जायचंय?"

मी गप्प.
सतरा चाली येणारी मी
एका प्याद्याचा पत्ता सांगू शकेना.

"डावीकडं बघ. तुझी दोन, त्याची तीन.
दोघांनी तिघांवर चालून जायचं."
जिंकायला?
"छे गं. मारामारी संपली की
त्याचं एक मागं उरतं, सी-सहावर.
पाठीशी कुणी नाही, पुढं सरकायची सोय नाही.
त्या एकासाठी एवढा खटाटोप."

म्हणजे हत्ती बी-एकवर येतो तो
यासाठी!
समोर काही नसताना,
आपल्याच प्याद्याच्या पाठीमागं.
दोन वर्षं तो माझ्या वहीत तसा उभा होता
आणि मी त्याला एकदाही
"का रे बाबा" म्हटलं नव्हतं.

"आणि तो गप्प बसेल?"
"कशाला बसेल? तुझ्या राजाकडं येईल.
त्याचाही बेत असतोच की."
सर खिडकीतून खाडीच्या दिशेला बघत म्हणाले,
"डोल मासे दिसल्यावर लावत नाहीत, पोरी.
पाणी कुठून येणार, ते ओळखून लावतात."

चौथी वही घेतली.
डाव्या पानावर चाल, उजव्या पानावर का.
उजवी पानं भरायला वेळ लागतो.
एका पानावर लिहिलंय:
माहीत नाही. सरांनाही नाही.

आबा रात्री कांदा-बटाटा मार्केटातून आले,
मान चोळत पटाकडं बघितलं.
"बाकीचे कुठं हरवले?"
मी सगळं सांगितलं, दोघं, तिघं, मागं उरलेलं एक.
ताटावर बसता बसता म्हणाले,
"गोणी उचलायच्या आधी
ती कुठं टाकायची ते बघावं.
नाहीतर पाठीवर घेऊन नुसतं फिरायचं."

नेरूळ, शाळेचा हॉल, चौथी फेरी.
समोर अंबरनाथचा निहार कोरगावकर,
पाय जमिनीला पोचत नव्हते त्याचे.
नववी चाल त्यानं वहीबाहेरची केली
आणि पाण्याची बाटली उघडून माझ्याकडं बघत बसला.

पोटात तोच जुना गोळा.
मग मी पटावरून एकेक उचलत गेले,
मनातल्या मनात,
राजेसुद्धा.
प्यादी तीच होती.

अकरा मिनिटं गेली.
हत्ती बी-एक.
त्यानं ए-सहा. मी ए-चार.
बी-पाच होईतो त्याचा घोडा
माझ्या राजाच्या अंगणात येऊन उभा,
पण चोविसाव्या चालीला
सी-सहावर ते उरलं,
सरांनी सांगितलं होतं तस्संच,
आणि मला हसू आवरेना.

ते पडलं नाही मात्र.
वजीर लावला, दोन्ही हत्ती लावले,
पोरानं शेवटपर्यंत राखलं ते.
बावन्नाव्या चालीला बरोबरी.
हात मिळवताना म्हणाला,
"ताई, मला वाटलं गेलंच आता."

रात्री पोटमाळ्यावर
डाव्या पानावर लिहिलं:
का पडलं नाही?
उजवं अजून कोरं आहे.
उद्या हसुराम सरांकडं जाईन
तेव्हा वही उघडीच नेईन,
बसता येणार नाही अशी.