अळणी

हिबिया म्हणजे माणसाएवढी माकली.
पहाटे बाबांच्या होडीतून उतरते तेव्हा
तिच्या अंगावरचा रंग अजून जात-येत असतो,
लाजल्यासारखा, चिडल्यासारखा.
बाकीचे तिचे तुकडे पाडून बाजारात नेतात.
मी नेते एक धागा:
जेमतेम मिलिमीटरभर जाड, बोटाएवढा लांब.
मांडीवर बर्फाचा डबा,
टेकडी चढणाऱ्या बसची शेवटची सीट.
वालपाराईसोत मासळीच्या वासाला कोणी नाक मुरडत नाही.
विद्यापीठात मुरडतात.

जीवभौतिकीचं तिसरं वर्ष.
ओयार्सून बाई फळ्यावर एक रेघ ओढतात,
म्हणतात, ही पेशीची भिंत.
आत उणे साठ मिलिव्होल्ट.
"क्षुल्लक वाटतं ना? आता भिंतीच्या जाडीने भागा."
आम्ही भागतो.
मीटरमागे एक कोटी व्होल्ट.
याहून कमीवर हवा फाटते, वीज पडते.
मागच्या बाकावर नेफ्ताली
गुपचूप स्वतःचा दंड चाचपून बघतो.

जून. आमच्याकडे ऐन हिवाळा.
सहा दिवस माझा तंतू नीट बोलत नव्हता.
पडद्यावर सुळका उठायला हवा,
उठायचं टेंगूळ, तेही दमेकऱ्यासारखं धापा टाकत.
इलेक्ट्रोड बदलले. अर्थिंग तपासलं.
शेजारच्या फ्रीजवर संशय घेतला, मग लिफ्टवर,
मग स्वतःच्या हातांवर.
समीकरणात शिरून एकेक चिन्ह उलटून पाहिलं,
भाडेकरू गेल्यावर घरमालकीण पाहते तसं.
बाई एवढंच म्हणाल्या, तंतू खोटं बोलत नाही, यास्ना.
हे ऐकून कोणाला बरं वाटलंय आजवर?

सातव्या दिवशी बसचा संप.
बाबा स्वतःच डबा घेऊन आले, रबरी बुटांत, चालत.
दाराशी पाय पुसले. पुन्हा पुसले.
आयुष्यात पहिल्यांदा या इमारतीत.
पांढरा कोट दिला तर हात बाहीतच अडकले.
मी तंतू लावला, ठिणगी दिली.
पडद्यावर टेंगूळ.

"ही मेली ना सकाळीच?"
हो.
"मग हे काय चाललंय?"
हे अजून चालू आहे. चारपर्यंत चालेल.
बाबांनी टोपी काढली.
का, ते मी विचारलं नाही.

मग माझी पाठ वळली तेवढ्यात,
'येथे खाणेपिणे सक्त मनाई' या पाटीखाली उभं राहून,
त्यांनी माझ्या चंबूत करंगळी बुडवली
आणि चाटली.

"कसलं पाणी?"
समुद्राचं. मी बनवलेलं.
"समुद्राचं नाही हे," बाबा म्हणाले,
आई कालवण चाखून म्हणते त्याच सुरात,
"अळणी आहे."

मी हसले. मग हसू गिळून वही उघडली.
लीटरला मीठ चोवीस पूर्णांक सात ग्रॅम.
माझाच दोनाचा आकडा, शेपूट उडालेला,
सहा दिवस मीच तो एक म्हणून वाचत होते.
चौदा पूर्णांक सात.
दहा ग्रॅम कमी. आडात नाही
तर पोहऱ्यात कुठून येणार?

नवं पाणी केलं. हात थरथरत होते,
तराजूचा काटा म्हणून उशिरा थांबला.
तंतू आंघोळीत सोडला, थोडी वाट पाहिली,
ठिणगी दिली.

सुळका.
खणखणीत, सरळ, पडद्याच्या वरच्या कडेला टेकलेला.
पुन्हा. पुन्हा.
नेफ्ताली धावत आला, बाई चष्मा शोधत आल्या.
बाबा तोवर खिडकीशी गेले होते,
वाऱ्याची दिशा पाहत, उद्याच्या विचारात.
जाताना विचारलं, "एवढ्याशा दोऱ्याचा भाव काय देतात हे लोक?"
काहीच नाही, मी म्हटलं.
"मग उरलेली तरी परत दे. रात्री तळू."

साडेतीन वाजता सुळका बुटका झाला.
चारला रेघ.

प्रबंधात 'कार्यपद्धती' या प्रकरणात मी लिहिलं:
द्रावणातील मिठाचे प्रमाण पुन्हा तपासण्यात आले.
बाईंनी वाक्याखाली पेन्सिलीने लिहिलं, कशाने?
तीन दिवस झाले. समासातली ती जागा
मी अजून कोरीच ठेवली आहे.