स्वतःच्या जबाबदारीवर

शाळेच्या फाटकासमोर माझं झेरॉक्सचं दुकान.
दीड वर्षात त्यांच्या कुलपाला गंज चढला,
माझ्या मशीनला धूळ.
काल शाळेनं कागद धाडला, वर ठळक 'सहमति-पत्र',
खाली दोन चौकोन, हो आणि नाही,
आणि मधे कुठेतरी, बारीक अक्षरात,
की जे होईल ते पालकांच्या जबाबदारीवर.

सकाळपासून रांग.
खडूची वर्तुळं मीच काढलेली,
पावसानं पुसली की पुन्हा काढायचो,
गिऱ्हाईक नसतानाही.
आज एकेका वर्तुळात एकेक माणूस उभा होता
आणि बोलणं मात्र शेजारच्या वर्तुळात शिरत होतं.

झोकरकर म्हणाले, पोरगं पाढे विसरलं हो,
सतरा नव्वे विचारलं तर म्हणतं, नेटवर्क गेलं.
लोक हसले.
राजवैद्यांची सून हसली नाही.
पाढे येतील परत, म्हणाली,
आमचे सासरे येणारेत का?
मग थोडा वेळ नुसतं मशीन बोललं.
काचेखालून उजेड इकडून तिकडे गेला,
तिकडून इकडे आला.

शाहिदभाईंना प्रत नको होती, ते उगाच उभे होते.
शाळेच्या व्हॅनमधून गेलं वर्षभर बटाटे विकतायत.
म्हणाले, भिया, गाडी में अब तक आलू की बास है,
बच्चे बैठेंगे तो जाएगी.
सरिताच्या घरी तीन मुलं, फोन एक.
ज्याचा पेपर त्याला फोन.
आणि बाकीचे दोघं?
माझ्यासंगं येतात, भांडी विसळायला.
तिनं विचारलं, यातला 'हो'चा चौकोन कोणता,
तिथंच उभ्या उभ्या सही केली,
पेन परत दिलं.

दोनशे चौदा प्रती.
कित्येक महिन्यांनी गल्ला वाजला.

क्षिप्रा पॅथॉलॉजीतून आली,
चपला बाहेर, अंघोळ, मग चहा, मग मी.
मी म्हटलं, उघडून राहिलेत शाळा.
ती म्हणाली, तू गल्ल्याकडे बघून हो म्हणतोयस.
एप्रिलमध्ये मी नळ्यांवरची नावं वाचायची,
निम्मी आपल्याच गल्लीतली.
मी गप्प बसलो, कारण ते खरं होतं,
आणि तेवढंच खरं नव्हतं,
आणि हे दुसरं कसं सांगायचं ते मला येत नव्हतं.

शर्वचा गणवेश खजुरी बाजारातून घेतलेला,
एकदाही न मळता तोकडा झाला.
वर्गातलं कुणी त्याला भेटलेलं नाही.
पण रोज सव्वाआठला कचऱ्याची गाडी येते,
भोंग्यावर गाणं लावून,
आधी अन्वीच्या माइकमधून ऐकू येते,
मग चिन्मयच्या, मग आमच्या,
एकदा फोनमधून, एकदा खिडकीतून.
बाई म्हणतात, सगळ्यांनी माइक बंद करा.
तो मला हळूच सांगतो,
अन्वी आपल्या मागे दोन गल्ल्या राहते, बाबा,
चिन्मय वळणावर.
साऱ्या वर्गाचा नकाशा त्यानं असा
कचरागाडीच्या मागे मागे फिरून काढला आहे.

कुणाच्या घरी त्यानं अजून बेल वाजवलेली नाही.

रात्री जेवणं झाल्यावर
क्षिप्रानं टेबलावरून आमची प्रत उचलली.
वाचली. पेनाचं टोपण काढलं, लावलं, काढलं.
मग कागद उलटा केला.
पाठीमागे शर्वनं बाई काढल्या होत्या.
एक चौकट, चौकटीत चष्मा, अंबाडा, खांदे.
खांद्यांखाली काही नाही,
सगळा पांढरा कागद,
आणि त्यावर पेन्सिलीनं,
'पाय बघून काढीन.'

ती बराच वेळ बघत राहिली.
आत पंखा कुरकुरत होता, तो झोपला होता.
मी चौकोनांविषयी काही विचारलं नाही.

हा राहू दे, म्हणाली.
उद्या दुकानातून दुसरी प्रत आण.