शेवटच्या थांब्यावर नऊ मिनिटं

डिसेंबरातल्या सगळ्या रात्रपाळ्या मी मागून घेतल्या.
जादा पैसे मिळतात, आणि ईदाला नवे स्केट हवेत.
यार्को पहाटे चारला निघतो, कागदाच्या गिरणीत.
तेव्हा आमचा संसार सध्या फ्रीजच्या दारावर चालतो:
दूध संपलंय.
तुझ्या आईला फोन कर.
मोजे सापडले. एकच.

दातांच्या दवाखान्यात एक मासिक होतं.
नाताळात नवराबायकोनं करायच्या बारा गोष्टी.
मेणबत्त्यांच्या उजेडात जेवण, घोड्याची घसरगाडी,
काचेच्या छपराची खोली आणि वर हिरवं हलणारं आकाश.
एका रात्रीचं भाडं वाचलं आणि माझी दाढ दुखायची थांबली.
तरी पान फाडून आणलं.
लावून ठेवलं, मोज्याच्या चिठ्ठीखाली.

गुरुवारी, उणे एकवीस,
टुइराच्या थांब्यावर एकच माणूस उभा.
लग्नातला कोट, त्यावर गिरणीचं जाकीट,
आणि डोक्यावर ती कानटोपी,
जी मी आजवर तीनदा फेकून दिली आहे.
चढला. कार्ड टेकवलं. यंत्र पीं करून बोललं.
"शेवटपर्यंत," म्हणाला, अगदी परक्यासारखा,
आणि पुढच्या सीटवर बसला, थर्मास मांडीवर घेऊन.

चालकाशी बोलू नये, अशी पाटी असते आमच्याकडे.
तो पाटीकडे बघे, मग माझ्याकडे, पुन्हा पाटीकडे.
सोळा वर्षांत इतका शहाण्यासारखा वागलेला
मी त्याला पाहिलेला नाही.
"मुलं?" मी आरशाला विचारलं.
त्यानं खिशातून कागद काढून उंच धरला:
तुझ्या बहिणीकडे. जेवली. आता समोर बघ.

समोर पूल होता. खाली नदी, कडांना गोठलेली,
मधोमध अजून वाफाळणारी.
खिडकीखिडकीत सात दिव्यांचे त्रिकोण.
विजेची बस, आवाज कसला तो नाहीच,
थर्मासचं झाकण तेवढं वळणावळणाला किणकिणत होतं
आणि मला कळत होतं की कुणीतरी
माझे हात बघतंय, चाकावरचे.
किती दिवसांनी.

शेवटच्या थांब्यावर वेळापत्रकात नऊ मिनिटं आहेत.
एरवी मी सीटांखालचे हातमोजे गोळा करते.
नेहमी डावेच.
आज त्यानं स्टिअरिंगवर स्वयंपाकघरातला पंचा अंथरला,
वर आलुबुखाराच्या मुरंब्याच्या चांदण्या,
एकेक टोक करपलेलं, म्हणजे ह्यानंच भाजलेल्या.
दालचिनीचा वास काचांवर धुकं धरून बसला.
पहिली दोन मिनिटं आम्ही विजेच्या बिलावर बोललो.

तेवढ्यात दारावर थाप.
कुठल्याशा ऑफिसच्या पार्टीतून सुटलेला एक नाताळबाबा,
दाढी गळ्यात, एक बूट ओला.
"शहरात जाते का?"
जाते, पण अजून सहा मिनिटांनी.
त्यानं दोन चांदण्या खाल्ल्या, तिसरी खिशात घातली,
आणि मागच्या सीटवर आडवा झाला.

"दिवे घालवता येतात?" यार्कोनं विचारलं.
येतात. एकच बटण.
मग बाहेरचा बर्फ आत आला, म्हणजे त्याचा उजेड.
निळसर, ताकाच्या निवळीसारखा.
मागून आवाज आला, "वा!"
आम्ही हसलो, तोंडं दाबून,
बहिणीच्या लग्नात पहिल्यांदा भेटलो तेव्हा हसलो होतो तसं.

पुढे फार काही झालं नाही.
त्यानं डोकं माझ्या खांद्यावर टेकवलं, टोपीसकट.
लोकर गालाला टोचत होती.
चारला उठणारा माणूस तो,
काहीतरी सांगायला सुरुवात केली
आणि वाक्याच्या अर्ध्यात झोपला.
घड्याळात नऊ झाली. मी हलले नाही.
दहा झाली.

अकरा वर्षांत पहिल्यांदा उशीर.
नोंदवहीत कारणाच्या रकान्यात लिहिलं: निसरडं.

नाताळबाबा बाजारचौकात उतरला, दाढी विसरून.
ती डाव्या हातमोज्यांत ठेवली.
टुइरा आलं तेव्हा यार्कोला उठवलं नाही.
डेपोपर्यंत नेला तसाच, तिकीट संपलेला,
आणि प्रत्येक गतिरोधकावर
बस अशी उचलली, जशी तान्ही ईदा असताना
पाळण्यातून हात काढून घ्यायचे.