पेव

हरिपूरच्या वाटेवर चिंचांच्या सावल्या तुडवत
मी सायकल मारायचो, दर मंगळवारी.
हँडलला पिशवी, पिशवीत पुस्तक,
आणि ओठांवर मिरजेहून घोकत आणलेली पहिली ओळ.
ती मी बाजारात सांगितली होती, एसटी स्टँडावर,
दवाखान्याच्या ओसरीवर.
लोक ऐकायचे, मान हलवायचे,
एखादं केळं हातावर ठेवायचे
आणि उठून जायचे.

येसबा तेवढा उठला नाही.
पेवाचं तोंड त्यानं सकाळीच उघडलं होतं
आणि आतली वाफ अजून निघायची होती.

"काय नाव म्हणला देवाच्या लेकाचं?"
मी पुन्हा सांगितलं.
तो एवढा हसला की तंबाखूचा ठसका लागला.
"आवो, मग माजंच नाव मला सांगायला आलायसा की!"

मी सुरुवातीपासून सुरू केलं.
आधी काहीच नव्हतं. आकार नव्हता.
खोल पाणी, पाण्यावर काळोख.

"किती खोल?"

हा प्रश्न मला शिकवलेल्या उत्तरांत नव्हता.
त्यानं पायाशी बोट दाखवलं:
एक माणूस कसाबसा मावेल एवढं तोंड,
खाली वीस हात पोट,
आणि आत टाकलेली नजर
परत येत नाही असा अंधार.
"असं?"
असंच, मी म्हणालो.

मग देव म्हणाला, उजेड होऊ दे.
"आन् सूर्य?"
सूर्य चौथ्या दिवशी.
इथं लोक हमखास हसायचे. एका मास्तरानं तर
भर चौकात हात धरून विचारलं होतं,
तीन दिवस काय गॅसबत्ती होती का तुमच्या देवाकडं?
मी घसा खाकरला.

येसबा हसला नाही.
त्यानं कंदील पेटवला, दोरीला बांधला,
आणि हात-हात सोडत खाली नेला.
पिवळा ठिपका बारीक होत गेला.
आम्ही दोघं पालथे पडून बघत राहिलो.

"दिवा इझला तर खाली वारं न्हाई.
वारं न्हाई तितं माणूस सोडायचा न्हाई.
माज्या थोरल्या भावानं घाई केली हुती."

दोरी त्याच्या मुठीत जराशी हलली.

"तुमच्या देवाला कळत हुतं. आदी दिवा सोडला.
मग माणूस कितव्या दिशी?"
सहाव्या.
"म्हंजी पाच दिस थांबला."
बराच वेळ तो गप्प होता.
"मालक न्हाई थांबत."

दिवा विझला नाही. तो उतरला.
खालून त्याचा आवाज घुमत आला:
"मातीचाच केला न्हवं माणूस?"
मातीचाच, मी वाकून ओरडलो,
आणि नाकात श्वास फुंकला.
"फुकाय लागतंयच!"

पोती वर आली. शेवटी तो आला,
पापण्यांसकट पिवळा,
नुकताच घडवून उन्हात ठेवल्यासारखा.
मला बोलायचं होतं. त्याला अंघोळ करायची होती.

महिनाअखेरच्या वहीत मी लिहिलं:
हरिपूर. श्रोते एक. बाप्तिस्मे शून्य.
पाळकसाहेबांनी शून्याखाली लाल रेघ ओढली.

खूप नंतर, मंगळवार नसताना,
त्याच वाटेनं जाताना आवाज ओळखीचा वाटला म्हणून थांबलो.
नातवाला घेऊन तो पेवाच्या तोंडाशी बसला होता.
"तर देवानं दोरी धरली. दिवा सोडला.
तिसऱ्या दिशी हळद लावली.
सातव्या दिशी तोंडावर फरशी ठिवली, माती लिपली,
आन् पडला गप."
"नाव काय त्या देवाचं?"
"मिरजंचा सायकलवाला सांगतोय बग.
माज्यासारकंच कायतरी हाय."

मी चिंचेआडून पुढं झालो नाही.
तिसऱ्या दिवसाचं त्याचं बरोबर होतं.
दोरी आमच्या पुस्तकात नाही.
पण आता देवळात उजेडाची ओळ वाचताना
माझी मूठ आपोआप वळते,
आणि हात-हात
सैल होत जाते.