एका कपाचं एस्टिमेट

रास्ता पेठेत, वीज ऑफिसच्या समोर,
दवेशेठ वेलदोडा कुटत होते
आणि निशिगंधा माझ्या चहाचं एस्टिमेट काढत होती.
अकरावी सायन्स. कालच मोल शिकलेली.

"नव्वद ग्रॅम धरू," ती म्हणाली, "सगळं पाणीच समजू."
दवेशेठनी मान वर केली.
"दूध-साखरेचंही साधारण तेवढंच पडतं, काका.
अंदाज आहे, आरोप नाही."

अठरा ग्रॅमला एक मोल, म्हणजे पाच.
एका रेणूत दहा इलेक्ट्रॉन: ऑक्सिजनचे आठ,
हायड्रोजनचा एक, दुसऱ्या हायड्रोजनचा एक.
टेबलावर सांडलेल्या चहात बोट बुडवून
तिनं तीन काढला आणि पुढे शून्यं मांडत गेली.
पंचवीस हवी होती.
सतराव्याला टेबल संपलं,
आणि वर पंखा गरगरत होता,
पहिली चार तोवर वाळूनही गेली.

"तेवढेच प्लस, आत केंद्रात बसलेले.
नुसते मायनस धरले तरी अठ्ठेचाळीस लाख कूलंब, बाबा.
आकाशातून वीज पडते ना, ती असते वीसेक कूलंबची.
तुमच्या कपात अडीच लाख विजा आहेत."

मी सव्वीस वर्षं खांबावर चढतोय.
डाव्या अंगठ्याला नख नाही, ते मंगळवार पेठेत राहिलं.
म्हटलं, मग बिल कुणाच्या नावानं येतं?

ती हसली नाही. हे आईवर गेलंय.
"प्लस तेवढेच, मायनस तेवढेच. बेरीज शून्य.
शॉक आकड्याचा नसतो बाबा, फरकाचा असतो."

फरकाचा.
अकरा हजारच्या तारेवर साळुंकी बसते, पंख साफ करते,
दोन्ही पाय एकाच तारेवर.
येळवंडेचा एक हात तारेवर होता
आणि दुसरा खांबाला टेकलेला.
लाइन बंद आहे, असा फोन आला होता.
त्याच्या बायकोला सांगायला मीच गेलो.
मी दारात दिसताच, काही विचारायच्या आधी
तिनं चहा टाकला.

निशिगंधाला यातलं काही सांगितलं नाही.
ती वहीत दोन्ही बाजूंना तीच संख्या लिहीत होती,
खोडून, पुन्हा, बोटांवर शून्यं मोजत.

चहावर साय धरली.
दवेशेठच्या माणसानं फडकं फिरवलं:
तीन गेला, उरलीसुरली शून्यं गेली.
ती हात धुवायला उठली तेव्हा
मी खिशातला टेस्टर काढला,
कुणी बघत नाही असं पाहून कपात बुडवला,
मागे अंगठा टेकवला. तोच, बिननखाचा.

पेटला नाही.
मग प्यायलो. गार झाला होता,
आणि ग्रीसचा जरासा वास.