बेचाळीस नंबर

एक तारा. खाली तीन ओळी.
नाव नाही; नावाच्या जागी
एक इंग्रजी अक्षर आणि जन्मतारखेसारखे आकडे.
"सतत गुणगुण येते.
ट्रान्सफॉर्मर भंगारातला असावा.
काळ्या रंगाचा घेतला, पैसे पाण्यात."

भंगारातला नव्हता. मी गुंडाळला होता.
दोन हजार चारशे वेढे, केसाएवढी तार,
मोजताना कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही
हा आमच्या शेडचा एकमेव नियम.
म्हाबळूची आई गेल्याचा फोन आला तेव्हा
मी अकराशे सत्तरवर होते.
आधी पेन्सिलीने आकडा लिहिला, मग उठले.

माशेलच्या बाजारामागे पत्र्याची शेड,
सोल्डरचा वास, एक पंखा,
तोही ऐकायच्या वेळी बंद.
लाकडी पेट्या दिवाडीहून झेफेरीन आणतो,
नार्व्याच्या फेरीत मांडीवर धरून,
फणसाच्या, शिरा जुळवलेल्या,
जणू जावळ काढायला नेलेलं पोर.

आजवर एकेचाळीस अ‍ॅम्प्लिफायर. वहीत सगळे आहेत:
सात नंबर म्हापशाच्या दंतवैद्याकडे,
अठरा कुंकळ्ळीला, पैसे तीन हप्त्यांत
आणि शेवटच्या हप्त्याबरोबर काजूगर,
तेवीस पुण्याला, तिथे सासऱ्यांना ऐकू येत नाही
म्हणून आवाज नेहमी मोठा.
म्हणजे जो कोणी आहे तो या वहीत आहे.
नावांवरून बोट फिरवलं मी,
तुळशीच्या पानांवर कीड शोधावी तसं.
ज्यांना चतुर्थीला न विसरता मेसेज करायचो
त्यांच्याबद्दल मन वाकडं झालं.

दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं.
काळा आम्ही कधी बनवलाच नाही.

म्हाबळूने उत्तर लिहिलं, नम्र, तीनदा खोडून:
नंबर कळवा, घरी येऊन बघतो, पैसे परत.
उत्तराला उत्तर नाही.
'उपयुक्त' म्हणून मात्र एकोणीस जणांनी बोट टेकवलं.
एकोणीस! आमच्या निम्म्या वहीएवढी माणसं,
ज्यांनी काहीच विकत घेतलं नव्हतं.

पणजीच्या दुकानाने दोन सेट परत पाठवले.
बंगळुरूच्या गिऱ्हाइकाने कळवलं, पुढच्या वर्षी बघू.
झेफेरीन म्हणाला, पेट्यांची घाई नाही ना,
आणि चहा न घेता गेला.

पैशाचं एक असतं, ते कमी पडायची सवय आहे.
पण म्हाबळू ऐकू लागला.
आधी सेटमध्ये. मग बंद सेटमध्ये.
रात्री मेन स्विच पाडून शेडमध्ये बसायचा,
"येते बघ," म्हणायचा, "बारीक."
पहाटे पोदेराचा भोंगा वाजला की विचारायचा,
काल हा असाच होता का गे?
माझीही बोटं फितूर झाली.
चारशेवर आले की वाटायचं, तीनशे नव्व्याण्णव असेल.
सगळं सोडवायचं. पुन्हा एकपासून.

गेल्या बुधवारी तो काळ्या रंगाचा डबा घेऊन आला.
कशाला, ते मी विचारलं नाही.
फणसाचा पिवळेपणा शिरांसकट बुडाला.
आतला ट्रान्सफॉर्मर माझाच.
या वेळी वेढे मोठ्याने मोजले,
त्याने ऐकावेत म्हणून.
मागे पितळी पट्टी: बेचाळीस.

पंखा बंद केला. दार लोटलं.
गाणंबिणं काही लावलं नाही, नुसता सुरू केला.
एका बाजूला त्याचा कान, दुसऱ्या बाजूला माझा,
मधे ती काळी पेटी,
जिची तक्रार आधी आली
आणि जी नंतर जन्मली.

बराच वेळ.
बाहेर कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती.
मग तो म्हणाला, "काय?"
मी म्हटलं, "थांब,
अजून ऐकते आहे."